मोशेचे हात आणि माल्कमची गिटार



नोव्हेंबर महिना आपल्याकडे मृतांच्या स्मरणाचा. २ तारखेला दफनभूमीत मेणबत्त्या लावून होतात, फुलं वाहून होतात आणि मग महिनाभर मिस्साच्या आधी नावांची यादी वाचली जाते. आम्हा क्वायरवाल्यांना या महिन्यात काम जास्त. अशाच एका सरावाला आमचा गिटार वाजवणारा मुलगा काळा टीशर्ट घालून आला. त्यावर मोठ्या अक्षरांत एसी/डीसी, मधोमध विजेची रेघ. आमच्यातल्या एका आंटींनी लगेच डोळे वटारले. ‘हे घालून वेदीशेजारी उभा राहणार आहेस का रे?’ तर हा म्हणतो, ‘आंटी, ही माणसंसुद्धा नोव्हेंबरवालीच आहेत.’

मग त्याने जे सांगितलं ते ऐकता ऐकता सराव बाजूलाच राहिला. त्यानंतर आम्ही तो अल्बम सगळ्यांनी मिळून ऐकला, त्यामागची हकिकत वाचली, आणि ती वाचताना आम्हाला आमचीच एक गोष्ट आठवली. ती फारशी अभिमानाची नाही. ती पुढे येईलच.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. ही गाणी चर्चमध्ये वाजवावीत असं आम्ही म्हणत नाही. या बँडच्या बऱ्याच गाण्यांतले शब्द प्रार्थनामंदिराच्या उंबरठ्यावर ठेवण्यासारखे नाहीत. त्यांच्या १९७९च्या अल्बमच्या नावातच नरक आहे. आमच्यातल्या वयस्कांच्या घरी त्या काळी ही कॅसेट सापडली असती तर आईने आधी कपाळावर क्रूस काढला असता आणि मग कॅसेट चुलीत घातली असती. त्या आया अगदीच चुकीच्या होत्या असंही आम्हाला वाटत नाही. पण गाणाऱ्याचे शब्द एक आणि गाणाऱ्यांनी एकमेकांशी केलेला व्यवहार दुसरा. आम्ही शिकलो ते दुसऱ्यातून.

यंग हे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं मोठं कुटुंब. १९६३ साली ते ऑस्ट्रेलियात सिडनीला येऊन राहिलं. त्यातल्या माल्कम आणि अँगस या दोन भावांनी १९७३ साली बँड काढला. अँगस धाकटा. शाळेचा गणवेश घालून, अर्ध्या चड्डीत स्टेजभर उड्या मारत तो लीड गिटार वाजवतो, त्यामुळे जगाला तोच दिसतो. माल्कम मागे ड्रमजवळ उभा राहून रिदम गिटार वाजवायचा. पण गाणी उभी राहत ती त्याच्या हातांवर. रॉकमध्ये गिटारचा एक लहानसा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, सगळं गाणं त्याच्या पाठीवर बसलेलं असतं. त्याला रिफ म्हणतात. एसी/डीसीचे रिफ रचण्यात माल्कमचा हात मोठा, आणि बँडचे निर्णयही तोच घ्यायचा. आपल्या क्वायरमध्ये पेटीवर बसणारा माणूस असतो ना, ज्याचं नाव कोणी घेत नाही पण त्याने पट्टी दिली नाही तर सगळे गडबडतात, तसा तो.

या बँडने मरण आधीही पाहिलं होतं. १९ फेब्रुवारी १९८० रोजी त्यांचा गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये गेला. वय ३३. बँड बंद करायच्या विचारात होता. अंत्यविधीच्या वेळी बॉनच्या आईवडिलांनीच त्यांना धीर दिला, की थांबू नका, पुढे चला. ज्यांचा मुलगा गेला त्यांनी हे म्हणावं, यावर आम्ही बराच वेळ बोलत बसलो होतो. मग इंग्लंडच्या न्यूकॅसलकडचा ब्रायन जॉन्सन नवा गायक म्हणून आला. लहानपणी हा माणूस चर्चच्या क्वायरमध्ये गात असे, हे कळल्यावर आमच्या आंटींचा चेहरा जरा निवळला. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘बॅक इन ब्लॅक’ निघाला. मुखपृष्ठ सगळं काळं, बॉनच्या सुतकाचं. आणि अल्बम सुरू होतो तो घंटेच्या संथ टोलांनी.

त्या घंटेची गंमत आपल्यासारख्या चर्चवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. लफबरो गावात जॉन टेलर यांचा घंटा ओतण्याचा जुना कारखाना आहे, चर्चच्या घंटा करणारा. बँडने तिथे स्वतःची घंटा बनवायला टाकली होती, पण ती वेळेत होईना. म्हणून गावातल्या युद्धस्मारकाच्या मनोऱ्यातल्या घंटेचा आवाज घ्यायचा ठरला. तर तिथे पाखरांची वस्ती! टोल पडला की पाखरं भर्रकन उडायची आणि पंखांची फडफड ध्वनिमुद्रणात यायची. शेवटी कारखान्यातच, त्यांच्यासाठी ओतलेल्या घंटेवर टोल देऊन काम भागवलं. आपल्याकडे कोणी गेलं की घंटा सावकाश, थांबून थांबून वाजवतात. हे टोल ऐकताना आम्हाला तेच आठवलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

२००८ ते २०१० या काळात ‘ब्लॅक आइस’ अल्बमचा जगभर दौरा चालू होता. माल्कमला तेव्हाच विसरायला होऊ लागलं होतं. तीस-पस्तीस वर्षं वाजवलेली, स्वतः रचलेली गाणी. ती त्याला आठवेनात. मग हा माणूस कार्यक्रमाआधी बसून आपलीच गाणी नव्याने शिकायचा आणि मग स्टेजवर जाऊन वाजवायचा. हे अँगसने नंतर मुलाखतींत सांगितलं आहे. समोर बसलेल्या हजारो लोकांना याची कल्पना नव्हती. बँडमधल्यांना होती. त्यांनी त्याला घरी पाठवलं नाही. तो म्हणाला वाजवतो, तर त्याच्याबरोबर वाजवत राहिले.

२०१४ साली जाहीर झालं की माल्कमला स्मृतिभ्रंश आहे आणि तो परत येणार नाही. त्याच्या जागी पुतण्या आला, स्टीव्ही यंग, त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. १९८८ साली माल्कम दारू सोडण्यासाठी काही महिने बाजूला झाला होता, तेव्हाही याच पुतण्याने त्याची गिटार सांभाळली होती. मग एकेक खांब ढासळत गेला. ड्रम वाजवणाऱ्या फिल रडला २०१५ साली न्यूझीलंडच्या कोर्टाने आठ महिने घरात स्थानबद्ध राहण्याची शिक्षा दिली. मार्च २०१६ मध्ये डॉक्टरांनी ब्रायन जॉन्सनला सांगितलं, की दौरा थांबवा, नाहीतर कान कायमचे जातील. गायकाचे कान! उरलेल्या कार्यक्रमांसाठी बँडने दुसरा गायक घेतला. दौरा संपला तसा बेस गिटारवाला क्लिफ विल्यम्सही निवृत्त झाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये थोरला भाऊ जॉर्ज गेला, ज्याने त्यांचे सुरुवातीचे अल्बम घडवले होते. आणि महिन्याभरात, १८ नोव्हेंबर २०१७ रोजी, माल्कम गेला. ६४ वर्षांचा होता.

त्याचा अंत्यविधी सिडनीच्या सेंट मेरीज कॅथेड्रलमध्ये झाला. आपल्यासारखाच, वेदीसमोर, शवपेटी ठेवून. बाहेर येताना धाकट्या भावाच्या हातात माल्कमची गिटार होती.

इथे बँड संपला असं कोणीही म्हटलं असतं. उरला होता एकटा अँगस, आणि त्याच्याकडे खोकी. दोघा भावांनी वर्षानुवर्षं बसून सुचलेले तुकडे ध्वनिमुद्रित करून ठेवले होते, त्यांतले पुष्कळसे ‘ब्लॅक आइस’च्या आधीच्या दिवसांतले. त्या वेळी वापरायचे राहून गेलेले. भाऊ गेल्यावर अँगस हे सगळं काढून ऐकत बसला. घरातलं माणूस गेल्यावर त्याचं कपाट उघडायला किती दिवस लागतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना आणखी काही सांगायला नको.

आणि मग त्याने एकेकाला बोलावलं. क्लिफ निवृत्ती सोडून आला. फिल रड आला. स्टीव्ही होताच. ब्रायन जॉन्सनच्या कानांसाठी स्टीफन अ‍ॅम्ब्रोज नावाचा एक संशोधक बरेच दिवस खटपट करत होता. गायकांना कानात घालून स्वतःचा आवाज ऐकता यावा अशी साधनं बनवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. त्याने आणलेलं पहिलं यंत्र म्हणे मोटारीच्या बॅटरीएवढं होतं, मग ते लहान लहान होत गेलं. त्याच्या जोरावर सत्तरी ओलांडलेला ब्रायन पुन्हा गायला उभा राहिला. २०१८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ध्वनिमुद्रण झालं, कोविडमुळे प्रकाशन रखडलं, आणि १३ नोव्हेंबर २०२० रोजी ‘पॉवर अप’ बाहेर आला. माल्कमच्या तिसऱ्या वर्षश्राद्धाला पाच दिवस कमी.

बारा गाणी. सगळी मिळून पाऊण तासही नाही. नवीन काही करून दाखवण्याचा हट्ट त्यात नाही, हे एसी/डीसी म्हणून ओळखू येईल असंच आहे सगळं, आणि आमच्या गिटारवाल्या मुलाच्या मते तीच त्याची खुबी. आमच्यातल्या एकदोघांना चौथ्या गाण्यानंतर डोकं दुखायला लागलं, तेही नमूद करतो. पण कव्हरवरची बारीक अक्षरं वाचली आणि आम्ही गप्प झालो. बाराच्या बारा गाण्यांखाली रचनाकार म्हणून दोनच नावं आहेत: अँगस यंग, माल्कम यंग. माल्कमने यात एक तारही छेडलेली नाही. तो तीन वर्षांपूर्वी गेलेला. तरी अर्धं नाव त्याचं. ‘बॅक इन ब्लॅक’ जसा बॉनसाठी होता तसा हा माल्कमसाठी, असं अँगसने स्वतःच सांगितलं आहे.

विश्वासांगीकार म्हणताना आपण दर रविवारी पवित्रजनांच्या सहभागितेवर आपला विश्वास असल्याचं सांगतो. खरं सांगायचं तर त्या ओळीला आमचं लक्ष बहुधा पुढच्या गाण्याची पट्टी काय याकडे असतं.

त्या संध्याकाळी आमच्यातल्या एकाने निर्गमाचा १७वा अध्याय काढला. रफीदीमला अमालेकी लोकांशी लढाई चालली आहे. मोशे टेकडीवर उभा. त्याचे हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की शत्रूची. आणि हात तर थकणारच. मोशे म्हातारा आहे. तेव्हा अहरोन आणि हूर काय करतात? मोशेला म्हणत नाहीत, की आता तुम्ही तंबूत जाऊन पडा, आम्ही हात वर धरतो. ते एक धोंडा आणतात, त्याला त्यावर बसवतात, आणि एक या बाजूने, एक त्या बाजूने त्याचेच हात धरून ठेवतात. सूर्य मावळेपर्यंत. हा अध्याय आम्ही लहानपणापासून ऐकला आहे. रविवार शाळेत त्याचं नाटकही केलंय, धोंडा म्हणून तांदळाचं पोतं ठेवून. पण हात मोशेचेच राहिले, ही गोष्ट कधी डोक्यात शिरली नव्हती.

अर्थात या बँडलाही सगळं जमलं असं नाही. ब्रायनचे कान गेले तेव्हा काही आठवड्यांत त्याची जागा भरली गेली, आणि ते त्याला किती लागलं असेल हे आपण समजू शकतो. तिकिटं विकली गेलेली असतात, लोक थांबलेले असतात. कार्यक्रम तर झालाच पाहिजे! हे वाक्य आम्ही चांगलं ओळखतो, कारण ते आम्हीही वापरलं आहे.

आमचे पेटीकाका. नाव लिहीत नाही, बेळगावातल्या आमच्या धर्मग्रामात ते सांगायची गरज नाही आणि बाहेरच्यांना ते कळून उपयोग नाही. चाळीसेक वर्षं त्यांनी आमच्या मराठी मिस्साची पेटी सांभाळली. नुसती वाजवली नाही. प्रतिसाद स्तोत्रांना चाली लावल्या. रविवारचं स्तोत्र बुधवारी बघायचे, शनिवारी चाल तयार. शाळेच्या वह्यांत सा रे ग म लिहून ठेवायचे, वर तारीख आणि पट्टी, बहुतेक वेळा काळी दोन. आजही आम्ही जी गातो त्यांतल्या निम्म्याहून अधिक चाली त्यांच्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी पास्काच्या जागरणाच्या मिस्साला गौरवगीताला सगळ्या घंटा वाजू लागल्या, आणि काकांनी पेटीवर नाताळच्या गाण्याची चाल सुरू केली. पूर्ण आत्मविश्वासाने. चर्च भरलेलं. बाकांवर हसू फुटलं, आमच्यातलेही काही हसले. मग कोणीतरी की-बोर्डवरून योग्य सूर दिला आणि वेळ निभावली. त्याआधीही दोनतीनदा काका मधेच थांबले होते, पण ते आम्ही चष्म्यावर घातलं होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांच्याशी बोललो. अगदी प्रेमाने. ‘काका, खूप केलंत. आता समोर बसून ऐका, आम्ही करतो.’ काका ‘बरं’ म्हणाले. पेटीचा भाता लावला, वरून ते जुनं निळं कापड घातलं आणि घरी गेले. तेव्हापासून की-बोर्ड आहे. बटण दाबलं की ठेका आपोआप सुरू होतो. काका काही रविवार शेवटच्या बाकावर दिसले. मग दिसेनासे झाले. आम्ही चौकशी करायची म्हणत राहिलो. लेंटमध्ये सराव जास्त, नंतर सणाची तयारी, मग पावसाळा.

आमच्या छापील गीतपुस्तिकेत काकांच्या चाली आहेत. त्यांचं नाव कुठेही नाही. ते काकांनीच घालू दिलं नव्हतं असं आम्ही स्वतःला सांगत होतो. पुस्तिका काढून बघितली. खरं तर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

स्तोत्र ७१ मध्ये म्हातारा माणूस देवाला विनवतो, की शक्ती ओसरल्यावर मला टाकून देऊ नकोस. आम्ही हे स्तोत्र काकांच्याच चालीवर गातो. यापेक्षा जास्त काही या बाबतीत लिहवत नाही.

गेल्या शनिवारी आम्ही पाचजण त्यांच्या घरी गेलो. काळा टीशर्टवालाही होता, गिटार घेऊन. काकूंनी दार उघडलं आणि आधी काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, ‘जेवणाच्या टेबलाच्या कडेवर बोटं चालू असतात यांची. दिवसभर.’ वह्या पलंगाखालच्या ट्रंकेत होत्या. सतरा निघाल्या. काकांनी आमच्यातल्या दोघांना ओळखलं, तिघांना नाही. वही पुढे ठेवली तर चष्मा सारखा करून म्हणाले, ‘चाल बरी आहे. कोणाची?’ आम्ही म्हटलं, ‘तुमचीच.’ ते हसले, त्यांना ते खरं वाटलं नाही.

पेटी काढली. पहिल्या दोन ओळी बोटांतून अशा आल्या की आम्ही गायचंच विसरलो. तिसऱ्या ओळीला हात थांबला. काका पुन्हा पहिल्यापासून निघाले, पुन्हा तिथेच अडकले. तिसऱ्या खेपेला मुलाने गिटारवर तिसऱ्या ओळीचे दोन सूर आधी दिले आणि काका पुढे सरकले. असं चारपाच वेळा झालं. काकू चहा घेऊन दारातच उभ्या राहिल्या होत्या. तो गार झाला. मग पुन्हा केला.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मृतांच्या यादीनंतरच्या गाण्याला, काका पेटीवर बसणार आहेत. एकच गाणं. शेजारी स्टुलावर तो मुलगा, अडलं तर सूर द्यायला. फादरना विचारलं आहे, ते हो म्हणाले. त्यांनी एवढंच विचारलं, की काकांनी मधेच नाताळचं सुरू केलं तर? आम्ही म्हटलं, तर नाताळचं गाऊ. आमच्या आंटींनी त्याला जोड दिली, की गाणं पाठ नसेल त्यांनी आत्तापासून करून ठेवावं.

शनिवारी पाच वाजता सराव आहे. काकांना आणायला रिक्षा सांगितली आहे. पायऱ्यांवर धरायला कोणी तरुण मंडळी आली तर बरं होईल. गीतपुस्तिका नव्याने छापायची ठरली असून प्रत्येक चालीखाली नाव घालायचं आहे. मधल्या काही वर्षांच्या वह्या सापडत नाहीत. त्या काळात क्वायरमध्ये असलेल्यांपैकी कोणाच्या घरी काकांच्या हस्ताक्षरातली पानं असतील, जुन्या मिस्साच्या पुस्तकात वगैरे राहिली असतील, तर ती रविवारी मिस्सानंतर आमच्याकडे द्यावीत. झेरॉक्स काढून लगेच परत करू.